आरोग्यातील समन्यायासाठी धोरणक्षेत्रात करिअर कसे घडवावे: सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पूर्व भागात वाढलेल्या कोणालाही ‘समन्यायी’ हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. आटपाडीच्या पाणी परिषदांमधून आणि तेरा दुष्काळी तालुक्यांच्या लढ्यातून तो घरोघरी पोहोचलेला आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्याही कुटुंबाचा पाण्यावर हक्क आहे, हे त्या लढ्याचे म्हणणे होते, आणि येरळा नदीवरील बळीराजा स्मृती धरणाच्या पाण्यात भूमिहीनांनाही वाटा ठरवून ते अमलात आणून दाखवले गेले. ज्याला जगभर ‘हेल्थ इक्विटी’ म्हणतात, ते आरोग्याच्या बाबतीतले नेमके हेच म्हणणे आहे. सर्वांना एकाच मापाने सेवा देण्याऐवजी, ज्याच्या वाट्याला जातीमुळे, वंशामुळे, लिंगामुळे किंवा ठिकाणामुळे आजार आणि मरण अधिक येते, त्याच्यापर्यंत व्यवस्था आधी आणि अधिक पोहोचावी, असे नियम, तरतुदी आणि अंमलबजावणी घडवून आणणे, हे या क्षेत्रातील काम आहे. या लेखात त्या कामाची वाट आपल्या दोन जिल्ह्यांतून कशी सुरू करता येईल, हे सांगण्याचा प्रयत्न आहे.

एक उदाहरण घेतले म्हणजे धोरण कसे चालते हे लक्षात येईल. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येचा निकष आहे, तर डोंगरी आणि आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येचा. उपकेंद्रासाठी हेच आकडे ५,००० आणि ३,००० असे आहेत. पाटण, जावळी, महाबळेश्वर येथे चढउतारामुळे माणूस दवाखान्यापर्यंत उशिरा पोहोचतो, हे नियम करणाऱ्याने ओळखले होते, म्हणून डोंगरासाठी वेगळा आकडा आला. परंतु लोकसंख्येच्या या निकषात जत तालुक्यासारखा प्रदेश नीट बसत नाही. तेथे डोंगर नाहीत, पण वाड्या-वस्त्या दूरदूर विखुरलेल्या आहेत आणि तालुका क्षेत्रफळाने जिल्ह्यात सर्वांत मोठा आहे. एखाद्या गरोदर स्त्रीला किती किलोमीटर जावे लागते, हे केवळ लोकसंख्येच्या आकड्यातून दिसत नाही. निकषातील अशी उणीव शोधणे, ती पुराव्यासह मांडणे आणि बदलून घेणे, हा आरोग्य-धोरणात काम करणाऱ्या माणसाचा रोजचा व्यवसाय आहे.

या क्षेत्रातील बरीच परिभाषा अमेरिकेतील वांशिक विषमतेच्या अभ्यासातून आली आहे, आणि ती समजून घेणे आपल्यालाही उपयोगाचे आहे. १९८५ साली अमेरिकेच्या आरोग्य खात्याने कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य समूहांच्या आरोग्यावर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्याची पद्धत साधी होती: या समूहांचा मृत्युदर गोऱ्या लोकसंख्येइतकाच असता तर वर्षाला किती मृत्यू कमी झाले असते, याचा हिशेब केला गेला, आणि तो आकडा सुमारे ६०,००० निघाला. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, त्या खात्यात अल्पसंख्य समूहांच्या आरोग्यासाठी स्वतंत्र कार्यालय उभे राहिले. २०१९ मध्ये मिलवॉकी काउंटीने वंशभेद हे सार्वजनिक आरोग्यावरील संकट असल्याचा ठराव केला, आणि एप्रिल २०२१ मध्ये त्या देशाच्या रोगनियंत्रण संस्थेने वंशभेद हा सार्वजनिक आरोग्याला गंभीर धोका असल्याचे जाहीर केले. ‘जास्तीचे मृत्यू’ मोजण्याची ती रीत जात, भटकेपण आणि दुष्काळ यांनाही लावता येते.

वंश आणि जात यांची अशी सांगड घालणे आपल्या मातीला नवे नाही. ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्यांना अर्पण केला. शंभर वर्षांनी, १९७३ मध्ये, मिनिआपोलिसमध्ये जन्मलेल्या गेल ऑम्वेट यांनी पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवरचा प्रबंध बर्कलीच्या विद्यापीठात पूर्ण केला, आणि पुढे त्या वाळवा तालुक्यातील कासेगावच्याच झाल्या. २०२१ मध्ये त्यांचे निधन तेथेच झाले. या विषयासाठी मुंबई-दिल्लीकडे पाहण्याआधी कासेगाव आणि कटगुण समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

प्रथम नोंदवही पाहावी

धोरणाचे शिक्षण पदवीनंतर सुरू होते, असा समज आहे. माझ्या मते ते गावातील नोंदवहीपासून सुरू व्हावे. उपकेंद्रातील आरोग्यसेविका, आशा आणि अंगणवाडीताई यांच्याकडे गरोदर माता, लसीकरण आणि कुपोषण यांच्या नोंदी असतात. कोणाची खाजगी माहिती मागू नये आणि उतरवूनही घेऊ नये. मात्र या नोंदी कशा ठेवल्या जातात, कोणाचे घर सर्वेक्षणात येते आणि कोणाचे येत नाही, हे त्यांच्याशी बोलून समजून घ्यावे. आशाताईंना भेटायला जाताना मासिक सभेचा दिवस टाळावा, कारण त्या दिवशी त्यांना श्वास घ्यायलाही सवड नसते.

सुरुवातीच्या काळातील माझी एक चूक येथे सांगतो. एका सर्वेक्षणात मी गावाबाहेरील पालांवर दुपारी गेलो, तेथे कोणी नव्हते, म्हणून ‘घर बंद’ अशी नोंद करून परत आलो. ती सगळी माणसे कामासाठी आणि फिरतीसाठी बाहेर पडलेली होती, आणि अंधार पडल्यावर परतणार होती. माझ्या तक्त्यात मात्र त्या पालांवर लसीकरण न झालेले एकही मूल दिसले नाही, कारण मुळात मूलच दिसले नाही. तो तक्ता पुढे एका अहवालात गेला. ज्येष्ठ सहकाऱ्याने तो पाहून एकच प्रश्न विचारला होता, “संध्याकाळी गेला होतात का?” त्यानंतर मी कोणत्याही आकड्याकडे तो दिवसाच्या कोणत्या वेळी गोळा केला, हे विचारल्याशिवाय पाहिलेले नाही.

हीच गोष्ट राष्ट्रीय पातळीवरही घडते. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि इतर अशी वर्गवारी आहे. भटक्या-विमुक्तांचा वेगळा रकाना नाही. पारधी, कैकाडी, वडार, डोंबारी हे समूह मोठ्या आकड्यांच्या आत विरघळून जातात. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ज्यांना त्या शिक्क्यातून मुक्त केले, त्यांची बालके किती दगावतात हे सांगणारा विश्वासार्ह जिल्हावार आकडा आपल्या हाती नसेल, तर त्यांच्यासाठी तरतूद मागायची कशाच्या आधारावर? शिवाय या सर्वेक्षणाच्या जिल्हा तक्त्यांत जातनिहाय विभागणीच नसते. येत्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये केला आहे. ती माहिती आरोग्याच्या माहितीशी जोडून वाचू शकतील अशा तरुणांची पुढची अनेक वर्षे गरज भासणार आहे, म्हणून संख्याशास्त्राची भीती आत्ताच घालवावी.

ऊसतोड: एक प्रश्न मुळापर्यंत

एकाच प्रश्नाचा मुळापर्यंत अभ्यास केला तर धोरणाची सगळी अंगे कळतात, आणि आपल्या भागात त्यासाठी ऊसतोडीइतका योग्य विषय नाही. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला, की कराड, वाळवा, पलूस, कडेगाव या तालुक्यांत बीड आणि इतर दुष्काळी भागांतून टोळ्या येतात, आणि उन्हाळा लागेपर्यंत कोप्यांमध्ये राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती कोयत्यावर, आणि बहुधा नवऱ्याच्या हाती. कामावर न गेल्यास खाडा, म्हणजे मजुरीतून कपात, लागतो. म्हणजे मासिक पाळीचा त्रास, गर्भारपण किंवा ताप यांची किंमत त्या बाईने मजुरीतून मोजायची, आणि कामगार म्हणून तिचे स्वतंत्र नाव कोठेही नाही.

याचा परिणाम २०१९ मध्ये राज्यासमोर आला. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण फार मोठे असल्याच्या बातम्या आल्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली; सर्वेक्षणात सुमारे ८२,००० स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. हा आकडा वाचून संताप येतो, आणि तो यायलाच हवा. परंतु धोरणात काम करणाऱ्याने त्यापुढे जाऊन विचारायचे असते, की नियमाच्या कोणत्या सांध्यातून हे घडले. गर्भवतीची नोंद बीडमध्ये आणि सातवा महिना सांगलीत, अशा वेळी तिची तपासणी कोणत्या उपकेंद्राच्या उद्दिष्टात धरली जाते? बाळाची पुढची लस कोणी द्यायची? कोप्यांवरच्या मुलांसाठी अंगणवाडीचा आहार कोणत्या गावाच्या मागणीत जातो? खाजगी शस्त्रक्रियेची नोंद शासनाकडे यावी, असा नियम आहे का? यांतील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कोणत्या ना कोणत्या शासन निर्णयात, परिपत्रकात किंवा त्यांच्या अभावात सापडते.

शासन निर्णय कसा वाचावा

म्हणून शासन निर्णय वाचण्याची कला लवकर आत्मसात करावी; महाविद्यालयात ती सहसा शिकवली जात नाही. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार शासन निर्णय मिळतात. नवखा वाचक शीर्षक वाचून शेवटच्या परिच्छेदाकडे जातो; त्याऐवजी प्रारंभीचा ‘वाचा’ हा भाग पाहावा. तेथे आधीच्या निर्णयांचे क्रमांक आणि तारखा असतात, आणि त्यांच्या मागोमाग उलट दिशेने गेले, की एखादी योजना कोठे सुरू झाली आणि वाटेत कोणती अट घुसली, याचा सगळा इतिहास उलगडतो. त्यानंतर पात्रतेच्या अटी वाचाव्यात, कारण विषमता बहुतेक वेळा तेथे दडलेली असते: रहिवासी दाखला, शिधापत्रिका, जातीचा दाखला, जागेचा सातबारा. पालावर राहणाऱ्याकडे यांतील एकही कागद नसण्याची शक्यता मोठी असते. शेवटी लेखाशीर्ष, म्हणजे खर्च अर्थसंकल्पातील कोणत्या खात्यातून होणार त्याची नोंद, पाहावे. ज्या निर्णयात निधीचे लेखाशीर्ष नाही, त्याच्या अंमलबजावणीविषयी फार आशा बाळगू नये.

निधीचा माग काढताना जिल्हा नियोजन समिती आणि तिच्या आराखड्यातील अनुसूचित जाती उपयोजना यांचा अभ्यास करावा. हा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवण्याचे तत्त्व आहे, आणि २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८ टक्के आहे. मात्र तो कशावर खर्च झाला, हे पाहिल्यावरच चित्र पूर्ण होते. गावपातळीवर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी येतो. रक्कम लहान आहे, पण तिचा विनियोग कोणत्या वस्तीत होतो, यातून गावाचे सत्तासंबंध स्पष्ट कळतात.

कागद सहज मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवे, आणि ते न आल्यास किंवा अपुरे असल्यास प्रथम अपील करता येते. ‘का’ असा प्रश्न विचारू नये; ‘अमुक वर्षाच्या अमुक नोंदीची प्रत’ असे मागावे. जनमाहिती अधिकाऱ्याला शत्रू समजू नये, कारण पुढे धोरण राबवताना तीच माणसे सोबत असणार आहेत.

शिक्षण आणि शिष्यवृत्ती

या क्षेत्रासाठी कोणतीही एक पदवी आवश्यक नाही. वैद्यक, परिचर्या, समाजकार्य, अर्थशास्त्र, कायदा, संख्याशास्त्र, अगदी मराठी साहित्याचेही विद्यार्थी येथे चांगले काम करतात. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कराडची वैद्यकीय संस्था, रयत शिक्षण संस्थेची महाविद्यालये किंवा शिवाजी विद्यापीठ यांतून पदवी घेतल्यावर सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील सामाजिक वैद्यक केंद्र हे पर्याय आहेत. लोकसंख्या आणि आकडेवारी यांची आवड असणाऱ्यांसाठी देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, तर धोरण आणि कायदा यांकडे ओढा असणाऱ्यांसाठी बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवी योग्य ठरेल.

पैशाअभावी कोणी मागे राहू नये, म्हणून बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) आणि महाज्योती (इतर मागासवर्ग व भटके-विमुक्त) या राज्य शासनाच्या संस्थांच्या योजना वेळेवर पाहाव्यात. परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे; केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींबरोबर भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांचाही समावेश आहे. या शेवटच्या तिघांची मुले हा अर्ज फार कमी करतात, असे माझे निरीक्षण आहे, आणि त्याचे कारण बहुधा माहिती न पोहोचणे हेच आहे. जातवैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि पारपत्र यांची तयारी पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच करावी.

पहिली नोकरी

जिल्हा पातळीवर राष्ट्रीय आरोग्य अभियानात कार्यक्रम व्यवस्थापक, लेखा, माहिती विश्लेषण आणि आशा कार्यक्रमाचे समन्वयन अशी पदे असतात. ती कंत्राटी आहेत आणि त्यांतील असुरक्षितता खरी आहे. घरची जबाबदारी असणाऱ्याने ती विचारात घेऊनच पाऊल टाकावे. पण जिल्ह्याचा वार्षिक अंमलबजावणी आराखडा कसा तयार होतो, मागणी कोठे कापली जाते आणि का, हे त्या टेबलावर बसल्यावर जितके समजते तितके अन्यत्र समजत नाही. राज्य पातळीवर पुण्याचे राज्य आरोग्य यंत्रणा साधनसामग्री केंद्र, आणि स्वयंसेवी क्षेत्रात पुण्याची ‘साथी’ व मुंबईची ‘सेहत’ या संस्थांचे काम समजून घ्यावे. २००७ पासून राज्यात लोकाधारित देखरेखीचा जो कार्यक्रम राबवला गेला, त्यातील जनसुनवाईत गावकरी अधिकाऱ्यांसमोर उभे राहून आपल्या दवाखान्याची स्थिती मांडत असत. अशी जनसुनवाई आयोजित करण्याचा अनुभव धोरणातील कोणत्याही पदवीइतका मोलाचा आहे.

सांगलीतच शिकण्यासारखे आणखी एक काम आहे. १९९२ मध्ये एचआयव्हीचा प्रश्न तीव्र असताना ‘संग्राम’ या संस्थेने शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांसोबत काम सुरू केले, आणि पुढे त्यांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. ज्यांच्याकडे शासन रोगाचा स्रोत म्हणून पाहत होते, त्या स्त्रियांनी प्रतिबंधाचे काम स्वतःच्या हाती घेतले. ज्यांच्यासाठी धोरण करायचे, त्या माणसांना निर्णयाच्या जागी बसवल्याशिवाय केलेला मसुदा कच्चा राहतो, हे त्यांच्याकडून शिकावे.

येथे एक कठीण गोष्टही सांगितली पाहिजे. सुबत्ता आली म्हणजे समन्याय येतोच, असे नाही. बागायती सांगली जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षे वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुली ८५१ होत्या, आणि २०११ मध्ये ८६७. राज्याचा आकडा त्या दशकात ९१३ वरून ८९४ वर आला. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे पुरलेले १९ भ्रूण सापडले. खरे तर गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला, आणि अंमलबजावणी होत नाही म्हणून ‘सेहत’ व ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केल्यानंतर २००३ मध्ये त्यात सुधारणा झाली. कायदा होणे आणि तो दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचणे, यांमधील अंतरातच या करिअरची बहुतेक वर्षे जातात, आणि याची तयारी मनाशी असावी.

टिपण लिहिणे

सर्वांत उपयोगी कौशल्य म्हणजे दोन पानांचे टिपण. पहिल्या परिच्छेदात प्रश्न आणि तो कोणाचा आहे हे असावे. मग आजचा नियम, त्याच्या क्रमांक-तारखेसह. मग तो नियम कोठे कमी पडतो, याचा पुरावा. आणि शेवटी बदलायचे नेमके वाक्य, ते बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि त्याला किती खर्च येईल, हे लिहावे. ‘जनजागृती करावी’ हे वाक्य टिपणात कधीही लिहू नये. त्याने कोणावरही कसलीच जबाबदारी येत नाही. मुंबई विधिमंडळात १९२८ साली गिरणीतील स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि पुढच्या वर्षी कायदा झाला. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव दाखल झाले त्यांचा तो पाठिंबा होता, हे आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याने टिपण लिहायला बसताना आठवावे.

टिपण मराठीतच लिहावे, कारण ते तालुका आरोग्य अधिकाऱ्याने, जिल्हा परिषद सदस्याने आणि ज्या बाईविषयी ते आहे तिनेही वाचायचे आहे. इंग्रजी प्रत नंतर करता येते. ते सादर करण्यापूर्वी त्या वस्तीत जाऊन मोठ्याने वाचून दाखवावे, आणि लोकांनी केलेल्या दुरुस्त्या घेतल्यावरच पुढे पाठवावे.

येत्या हंगामात आपल्या जवळच्या एका तळावरील कोप्यांवर, टोळी फडातून परतल्यानंतरच्या वेळी, तेथील आशाताईंना सोबत घेऊन जावे. पहिल्या भेटीत वही उघडू नये. दुसऱ्या भेटीत गरोदर स्त्रियांकडे माता-बाल संरक्षण कार्ड आहे का, आणि ते कोणत्या जिल्ह्यात काढलेले आहे, एवढेच संमतीने विचारावे. त्या एका उत्तरावर पहिले दोन पानांचे टिपण लिहिता येते.